गुंडाळलेल्या प्लॅनसाठी ६ मिमी काच आणि पांढरा टीपकागद : सात महिन्यांच्या वापरानंतर

विमानांची मॉडेल्स बांधणाऱ्याच्या घरी प्लॅन, म्हणजे ज्यावर ठेवून मॉडेल बांधायचे तो पूर्ण मापाचा आराखडा, येतो तो नळीतून, आणि नळीतून काढून टेबलावर पसरायला घेतला की एक टोक दाबावे तोवर दुसरे टोक गुंडाळत हातावर येते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. प्लॅनचे दुखणे नेमके उलटे आहे, कारण त्याला वाकडेपणा येतो तोच मुळी नळीमुळे. या दुखण्यावर मी फेब्रुवारीच्या कोरड्या हवेपासून ऑगस्टच्या दमट दिवसांपर्यंत पुण्यातल्या घरी निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांपैकी ज्या जोडीवर अखेर स्थिरावलो, तिचे हे परीक्षण आहे : काचवाल्याकडून कापून आणलेली ३ फूट बाय दीड फूट मापाची ६ मिमी जाडीची साधी काच, आणि तिच्याखाली घालण्याचा पांढरा टीपकागद. ही जोडी कोणत्याही दुकानात एकत्र मिळत नाही आणि तिला कुठले नावही नाही, परंतु छंदाच्या दुकानांतून मिळणाऱ्या अनेक महागड्या वस्तूंपेक्षा तिने माझे काम अधिक केले आहे.

प्लॅन थोडा वाकडा राहिला तर एवढे काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी बहुधा बाल्सा या हलक्या लाकडाचा पंख प्लॅनवर बांधलेला नसावा. आपण सॉफ्टबोर्डावर प्लॅन पसरतो, त्यावर गोंद चिकटू नये म्हणून पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरतो, आणि मग स्पार (पंखाचा कणा), लीडिंग एज (पुढची कड) व ट्रेलिंग एज (मागची कड) यांच्या पट्ट्या टाचण्यांनी जागच्या जागी धरून रिब्स, म्हणजे पंखाच्या फासळ्या, चिकटवत जातो. खालच्या कागदाला दोन मिलिमीटरचा फुगवटा असेल, तर ट्रेलिंग एज तेवढीच वर उचललेली राहते, गोंद वाळतो, आणि टाचण्या काढल्यावर पंखाला पीळ पडलेला दिसतो. माझ्या आधीच्या ग्लायडरच्या डाव्या पंखाला असा पीळ होता. हातातून सोडताच तो डावीकडे वळत वळत जमिनीकडे निघे आणि मी मात्र आठवडाभर सुकाणूच्या पट्टीत दोष शोधत बसलो होतो. मूळ दोष बोर्डावरच्या कागदात होता, हे पंखाला वाफ देऊन पीळ काढताना ध्यानात आले.

प्रथम काचेविषयी. काचवाल्याला माप सांगताना कडा घासून आणि चारही कोपरे किंचित गोल करून देण्यास आवर्जून सांगावे. कडा न घासलेली काच बोट तर कापतेच, पण कागदाची किनारही खरवडते. माझ्या तुकड्याला कडा घासण्यासह सुमारे साडेपाचशे रुपये पडले. ६ मिमी काचेचे वजन चौरस मीटरला १५ किलो भरते, त्यामुळे हा तुकडा सव्वासहा किलोच्या आसपास आहे : एका माणसाला सहज उचलता येईल इतका हलका, आणि कागद जागेवर धरून ठेवील इतका जड. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त काचेची सपाटी इतकी चांगली का असते, याचे उत्तर तिच्या कारखान्यात आहे. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी विकसित केली आणि ती १९५९ मध्ये जाहीर झाली. तेव्हापासून घासून-पुसून सपाट करण्याचा खटाटोप न करताही खिडकीची काच आरशासारखी सपाट निघते. प्लायवूडचा तुकडा वजनाला चालला असता, पण त्यातून आरपार दिसत नाही. काचेखाली एखादा बुडबुडा राहिला आहे का, कोपरा दुमडला आहे का, हे वरूनच दिसते, आणि ही सोय किती मोलाची आहे ते दुमडलेल्या कोपऱ्यावर एक दिवस वजन ठेवल्यावरच कळते.

आता कोरडी काच एकटीच काय करते ते पाहू. मी चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या साध्या कागदावर, ३६ इंची रोलवर छापलेला दीड मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरचा प्लॅन घेतला आणि त्याचा अर्ध्या पंखाचा भाग कापून वेगळा केला. टेबलावर मोकळा सोडला असता त्याचा कोपरा ९० मिमी वर उचलला जात होता. टीपकागद न वापरता, ओलावा न देता, नुसत्या काचेखाली तीन दिवस ठेवल्यावर काच उचलली तेव्हा कोपरा जेमतेम १० मिमी वर होता, आणि मी मनात म्हटले की काम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोपरा २५ मिमीवर गेला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा हा प्रकार. जे कागद नळीत दोन-चार दिवसच राहिलेले असतात त्यांना एवढे पुरते. जे वर्षभर राहिले आहेत त्यांना नाही.

याचे कारण कागदाच्या घडणीत आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची दाबून वाळवलेली जाळी. हे तंतू जिथे एकमेकांना टेकतात तिथे त्यांच्यात सूक्ष्म बंध तयार होतात, आणि गुंडाळलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिलेल्या कागदात हे बंध हळूहळू त्या वळणाशी जुळवून घेतात. नुसत्या वजनाने ते मोडत नाहीत, दबून राहतात इतकेच. हवेतला ओलावा मात्र तंतूंच्या मध्ये शिरून हे बंध सैल करतो, आणि कागद सपाट धरून ठेवलेला असताना तो ओलावा निघून गेला की नवे बंध सपाट अवस्थेतच पडतात. कपड्याला इस्त्रीपूर्वी पाणी शिंपडतात त्यामागे हेच तत्त्व आहे. पाणी थेट न देता बाष्पाच्या रूपाने द्यावे आणि मग ते टीपकागदाकडून हळूहळू शोषून घ्यावे, ही रीत दप्तरखान्यांत आणि संग्रहालयांत जुने नकाशे सरळ करणाऱ्यांची आहे. आपण ती छंदासाठी उसनी घेतो.

माझी कृती अशी आहे. धान्य साठवण्याची झाकणाची मोठी प्लास्टिकची पेटी घ्यायची, तळाशी भिजवून घट्ट पिळलेला टॉवेल अंथरायचा, त्यावर स्वयंपाकघरातली भांडी निथळत ठेवण्याची जाळी ठेवायची आणि जाळीवर प्लॅन सैल गुंडाळून उभा किंवा आडवा ठेवायचा, जेणेकरून तो ओल्या टॉवेलला कुठेही टेकणार नाही. झाकण लावून चार तास. बाहेर काढताना कागद हाताला गार आणि किंचित मऊ लागतो. पापड लाटून पहिल्या उन्हाला घालण्याआधी तो जसा लवचीक असतो, साधारण तशी ही अवस्था. त्यावर थेंब दिसू लागले असतील तर वेळ जास्त झाली. हा मऊ कागद टीपकागदाच्या दोन थरांमध्ये पसरायचा, मधोमधून कडांकडे हाताच्या तळव्याने हलकेच सारायचा आणि वर काच ठेवायची. अर्ध्या तासाने टीपकागद बदलायचा, तीन-चार तासांनी पुन्हा एकदा, आणि मग चोवीस तास हात लावायचा नाही. त्याच ९० मिमी उचलणाऱ्या प्लॅनचा कोपरा या कृतीनंतर २ मिमी वर राहिला आणि आठवड्यानंतरही तो तेवढाच होता.

टीपकागदाबाबत एक सावधगिरी. स्टेशनरीच्या दुकानात पूर्वी शाईच्या पेनाबरोबर मिळे तसा गुलाबी टीपकागद आजही कुठे कुठे मिळतो आणि तो स्वस्त असतो, परंतु माझ्या पहिल्या प्रयत्नात त्याचा रंग ओलसर प्लॅनवर उतरला आणि ग्लायडरच्या शेपटीला कायमची गुलाबी छटा आली. पांढरा आणि जाड टीपकागदच घ्यावा. तो न मिळाल्यास अनेकदा धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या चार घड्या चांगले काम करतात; नव्या कापडातली खळ मात्र कागदाला चिकटू शकते. वर्तमानपत्र टीपकागदाऐवजी वापरू नये, त्याची शाई ओलसर कागदावर उमटते.

इथवर वाचून ही जोडी निर्दोष आहे असे कोणाला वाटू नये. मॉडेल बांधणाऱ्याला सपाट कागद हवा असतो तो मुळात बरोबर मापासाठी, आणि ओलावा नेमका मापावरच परिणाम करतो. कागदाच्या यंत्रावर तंतूंचा बहुतांश कल यंत्राच्या गतीच्या दिशेने असतो, आणि ओलाव्याने तंतू लांबीपेक्षा जाडीत कितीतरी अधिक फुगतात. त्यामुळे कागद त्या दिशेला आडवा जास्त वाढतो आणि लांबीकडे कमी. रोलच्या कागदाची लांबी हीच यंत्राची दिशा असते. माझ्या प्लॅनवर अर्धा पंख रोलच्या लांबीत होता, आणि ८०० मिमी लांबीचे फ्यूजलाज, म्हणजे विमानाचे धड, रोलच्या रुंदीत आडवे छापलेले होते. पेटीतून काढल्याबरोबर मी पोलादी पट्टीने दोन्ही मोजले. पंखाच्या ७५० मिमी रेघेत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची वाढ दिसली, तर फ्यूजलाजची रेघ ८०३ मिमी भरली. दोन दिवस काचेखाली वाळल्यावर पंख मूळ मापावर आला आणि फ्यूजलाज ७९९.५ वर स्थिरावले. अर्धा मिलिमीटर बाल्साच्या कामात कुणी मोजत नाही, पण ओलसर असतानाच उत्साहाच्या भरात एखाद्याने प्लॅन बोर्डावर टाचला असता, तर तीन मिलिमीटरचा फरक पदरी पडला असता आणि फ्यूजलाजच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या दिवशी बांधणाऱ्याच्या बाजू एकमेकींना जुळल्या नसत्या.

म्हणून आता छपाईला देण्यापूर्वी मी फाइलमध्येच प्लॅनच्या एका कोपऱ्यात एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ३०० मिमीच्या दोन रेघा घालून घेतो, आणि छापून आल्यावर व सपाट केल्यावर अशा दोनदा मोजतो. या सवयीचा एक अनपेक्षित फायदाही झाला. एका छपाईच्या दुकानाने कागदात बसवण्याच्या नादात संपूर्ण प्लॅन ९७ टक्क्यांवर छापून दिला होता. पाहताना काहीच वावगे दिसत नव्हते, पण ३०० ची रेघ २९१ भरली. दुकानदाराचे म्हणणे होते की कागद गुंडाळल्यामुळे आक्रसला असेल. दोन्ही दिशांना सारखाच आणि इतका आक्रसणारा कागद अजून कोणी बनवलेला नाही, हे त्यांना समजावण्यात माझी एक सकाळ गेली आणि नवी प्रत मला पैसे मोजूनच घ्यावी लागली.

इतर उपायांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. इस्त्री हा सर्वांत घाईचा, पी हळद हो गोरी म्हणणाऱ्यांचा उपाय. छापलेली बाजू खाली, वर सुती कापड, इस्त्री अगदी मंद आणि वाफ पूर्ण बंद, असे सगळे पथ्य पाळून दहा मिनिटांत मी कोपरा ६ मिमीपर्यंत आणला. मात्र कागदावर ठिकठिकाणी बारीक लाटा राहिल्या, कारण उष्णता पोहोचेल तिथला कागद एकदम कोरडा होऊन आवळतो आणि शेजारचा तसाच राहतो. लेझर पद्धतीने छापलेल्या प्लॅनवर इस्त्री थोडी अधिक गरम झाली तर टोनर, म्हणजे छपाईची पूड, पुन्हा मऊ होतो, कारण टोनर कागदाला धरतो तोच मुळी उष्णतेने आणि दाबाने वितळून. माझ्या एका प्लॅनवरच्या रिबच्या आकृत्या खालच्या कापडावर अशा उमटल्या की त्या कापडावरूनच रिब कापता आल्या असत्या.

गुंडाळी उलटी करण्याचा उपाय त्या मानाने बरा आहे. परदेशात यासाठी नळीवर लवचीक पत्रा गुंडाळलेले तयार साधन मिळते. मी हार्डवेअरच्या दुकानातून ३ इंची पीव्हीसी पाइप आणि पाइपच्या लांबीएवढ्या रुंदीचे रेक्झिन आणून त्याच धर्तीवर एक बनवले. रेक्झिनवर प्लॅन वळणाच्या उलट्या बाजूने ठेवायचा आणि दोन्ही एकत्र गुंडाळायचे. ताज्या छापील प्लॅनला पाच मिनिटे पुरतात आणि ओलाव्याचा प्रश्नच येत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र जेवायला बसलो आणि प्लॅन तासभर तसाच राहिला, तेव्हा तो दुसऱ्या बाजूला तितकाच वळलेला निघाला. गादीखाली ठेवण्याचा पिढीजात उपायही करून पाहिला. विजारीच्या चुण्यांना तो उत्तम आहे, परंतु कापसाच्या गादीखालचा प्लॅन एका रात्रीत तीन नव्या घड्या घेऊन बाहेर आला, आणि घडी वळणापेक्षा वाईट असते कारण ती पंखाच्या रेघेतून जाते.

ही ओलाव्याची कृती सर्व प्लॅनना चालत नाही. इंकजेटवर छापलेल्या रंगीत प्लॅनची शाई पाण्यात सुटते की नाही, हे कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून आधी पाहावे. ट्रेसिंग पेपर ओलावा लागताच इतका वेडावाकडा फुगतो की त्याला पेटीत ठेवण्याचा विचारही करू नये. त्याच्यासाठी कोरडी काच आणि संयम. पॉलिस्टर फिल्मवरचे ड्रॉइंग ओलाव्याला दादच देत नाही, तिथे ही पेटी निरुपयोगी आहे. जुन्या वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांतून किंवा एनसीसीच्या वायुदल शाखेतल्या जुन्या कॅडेटांच्या कपाटातून कधी अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेने रेघा उमटवलेल्या जुन्या नकला, हाती येतात. त्यांच्या रेघा उजेडाने फिकट होत जातात, म्हणून त्यांना काचेखाली ठेवायचे असेल तर काचेवर जाड कापड टाकावे आणि खिडकीपासून दूर ठेवावे. खरे ब्ल्यूप्रिंट, म्हणजे जॉन हर्शल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या पद्धतीचे निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांचे, हाती आलेच तर साबणाच्या किंवा सोड्याच्या अंशापासून जपावे, कारण तो निळा रंग अल्कलीने उडतो. टीपकागदाऐवजी धुतलेले धोतर वापरणाऱ्यांनी ते साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्यावे. घडीवर फाटलेला प्लॅन आधी सपाट करावा, मग मागून पातळ कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने लावावी. सेलोटेप लावू नये. काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि त्याचा चिकटपणा कागदात उतरतो.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा लिहायला हवा. जुलैमध्ये माझ्या खोलीतल्या आर्द्रतामापकाचा काटा ८० टक्क्यांच्या वर होता, आणि अशा हवेत टीपकागद काचेखाली वाळतच नाही. चोवीस तासांनी काच उचलली तेव्हा कागद सपाट होता पण दमट होता, आणि मोकळा ठेवल्यावर दोन तासांत त्याच्या कडा लाटांसारख्या वर आल्या. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू शकते, शिवाय कसर लागण्याची भीती असतेच. पावसाळ्यात मी पेटी बाजूला ठेवतो, कारण हवाच पेटीचे काम करते. प्लॅन एक दिवस खोलीत मोकळा टांगायचा, मग टीपकागदात घालून काचेखाली ठेवायचा, आणि टीपकागदाचा दुसरा जोड विजेच्या दिव्याजवळ वाळत ठेवून दर सहा तासांनी बदलायचा. असे दोन दिवस केल्यावर कोपरा ५ मिमीवर राहतो. उन्हाळ्यातल्या निकालापेक्षा हे उणे आहे, पण टाचण्यांनी धरण्याइतके पुरते.

काचेच्या मापाबद्दल मात्र माझी चूक झाली. ३ फूट बाय दीड फूट हे माप मी अर्धा पंख डोळ्यांसमोर ठेवून सांगितले. ३६ इंची रोलवरचा अखंड प्लॅन न कापता ठेवायचा तर ते अपुरे पडते, आणि जुनी, एकमेव प्रत कापायला हात धजत नाही. ४ फूट बाय २ फुटांची काच घ्यावी असे सुचले होते, पण तिचे वजन ११ किलोंवर जाते. दोन जिने चढून ती एकट्याने आणणे आणि टीपकागद बदलताना एका हाताने तिरकी धरणे, हे मला जमणार नाही. त्याऐवजी मी पहिल्याच मापाचा दुसरा तुकडा सांगून ठेवला आहे, म्हणजे दोन्ही काचा लांब बाजूने जोडून ठेवल्या की पूर्ण ३ फूट रुंदी भरते. मधल्या फटीखाली कागदावर बारीक उंचवटा राहू शकतो, म्हणून ती फट पंख आणि फ्यूजलाज यांच्या आकृत्यांमधल्या कोऱ्या जागेवर येईल अशीच काच ठेवावी लागेल.